चुनाभट्टीच्या पुस्तकातलं खाडीचं पाणी

मास्तर, चुनाभट्ट्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला घेतली आहे. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत विचारलं असतंत, "कोणाला हवीय रे?" तर हवी आहे. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. गंमत बघा, ज्या कॉलेजातून मी इंटरच्या वर्षी पळून आलो तिथलेच ते निघाले. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या धंद्यांवर काही लिहितायत आणि आपलं पुस्तक त्यांना फार आवडलंय. त्यातलं एक वाक्य त्यांनी पत्रात जसंच्या तसं उतरवून घेतलंय आणि खाली लिहिलंय, अशी माहिती दुसरीकडे कुठेही मिळाली नाही. मिळणार कशी? ते वाक्य खोटं आहे. लिहिलंत तुम्ही, मुद्दाम खोटं लिहिलंत, आणि छापलं मी. तुम्हांला जाऊन दहा वर्षं होत आली. ते वाक्य कसं छापलं गेलं हे तुम्हांला कधी कळलं की नाही, हे मला अजून माहीत नाही. आणि दुसरं एक विचारायचं आहे, ते पुढे येईलच.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि डोकं चुलीवर ठेवल्यासारखं. घरी सांगितलं होतं की हॉस्टेलच्या रेक्टरशी भांडलो म्हणून कॉलेज सोडलं. भांडलो होतो हे खरंच, पण भांडायला निमित्त शोधलं होतं हेही खरं. आमच्या शेजारच्या घरातली एक मुलगी मॅट्रिक झाली होती, तिच्या लग्नाचं बघतायत असं कानावर आलं आणि मला कोल्हापुरात अन्न गोड लागेना. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा वडील म्हणाले, "बरा झाला. आता काय करतलंस? माड शिंपतलंस?" मी म्हटलं शिंपीन. चार दिवस शिंपलेही. पाचव्या दिवशी त्यांनी मला तुमच्या छापखान्यात आणून सोडलं आणि तुमच्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तरांनू, ह्येका खंयतरी बांधून घाला." तुम्ही मला मार्क विचारले नाहीत. विचारलंत, "कोल्हापूरला गुऱ्हाळ पाहिलंस? रसाची काहिल चुलाणावरून उतरवायला किती माणसं लागतात?" गुऱ्हाळावर जाऊन दहादा रस प्यालो होतो, पण माणसं मोजली नव्हती. "मग दोन वर्षं केलंस काय?" तुम्ही हे टोमणा म्हणून नाही विचारलंत. तुम्हांला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

छापखाना म्हणजे जेटीजवळचं ते मिठाचं जुनं गोदाम, त्यात पायानं चालवायचं ते एकच ट्रेडल मशीन, आणि खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे, लाकडी खण. पावसाळ्यात भिंतींना घाम सुटायचा आणि कागद पापडासारखा वातड व्हायचा. दिवसभर लग्नपत्रिका, दशावताराच्या जाहिराती, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची हँडबिलं. आणि त्यांच्या फटीत बसवलेली तुमची ती बारकी पुस्तकं. एक मिठागरांवर, एक होड्या बांधणाऱ्या मेस्तांवर, एक काथ्यावर. लोक म्हणायचे, मास्तर शाळेतून रिटायर झाले आणि त्यांचं डोकंही. बाजारात एकानं तोंडावर विचारलं होतं, "मास्तरांनू, इतिहास लिवचो तर राजांचो लिवा, सुंबाचो कसलो इतिहास?" तुम्ही समोर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याकडे बोट केलंत. "तो राजानं बांधल्यान. पण त्येचो चुनो कोणी भाजलो, सांग बघू?" तो माणूस म्हणाला, "माका काय म्हायत?" "माकाय म्हायत नाय," तुम्ही म्हणालात, "म्हणान तर फिरतंय." आणि खुशीत पुढे निघालात, जणू माहीत नसणं ही कोणी दिलेली भेटच होती.

तुमची पहिली बोलणी खाल्ली ती काथ्याच्या पुस्तकाच्या वेळी. सुंभ वळणारा एक म्हातारा बोलला होता, तुम्ही त्याचं लिहून घेतलं होतं: "ह्या कामाक धा माणसां लागतत आणि धाय जणांक एकमेकांचो राग येवक नको." खिळे जुळवताना मला वाटलं, हे काही पुस्तकातलं वाक्य नव्हे. मी जुळवलं, "या कामी दहा श्रमिकांची व त्यांच्यामधील सामंजस्याची आवश्यकता असते." प्रूफ बघून तुम्ही शांतपणे विचारलंत, "हे कोण बोललं?" मी म्हटलं, तोच म्हातारा, मी फक्त शुद्ध केलं. "तू त्याच्या तोंडात कॉलेजची कवळी बसवलीस," तुम्ही म्हणालात, आणि पूर्ण पान मोडून एकेक खिळा परत खणात टाकायला लावलात. मी रागानं टाकत होतो, 'अ'च्या घरात 'ळ' गेला तरी बघत नव्हतो. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि माझे चुकलेले खिळे वेचून योग्य घरात ठेवत राहिलात. त्या वर्षी खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावल्यावर तुम्ही माझ्यापुढे नव्या वहाणांचा जोड ठेवलात. मला वाटलं सणाची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, "घाल त्या, वाचनाला जायचंय."

ते वाचन कसं असायचं, हे आता इथे कोणाला सांगितलं तर हसतात. पुस्तक छापण्याआधी त्याची प्रुफं घेऊन त्याच गावात जायचं. ज्यांच्या कामाबद्दल लिहिलंय त्यांना बसवायचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं. एवढं तर दुसरा कोणीही करील. पण तुम्ही प्रत्येक प्रुफात एक चूक मुद्दाम घालून ठेवायचात, आणि वाचणाऱ्याला ती कुठली हे सांगायचं नाही, म्हणजे त्याचा आवाज त्या जागी अडखळायला नको. ऐकणाऱ्यांनी ती पकडली, तरच ते वाचन खरं. पहिल्या वाचनाला काथ्याच्या गावात मी वाचत होतो. सगळे माना डोलवतायत, "होय, होय, बरोबर." मी वाचलं, "नारळाची सोडणं खाडीत सहा दिवस कुजत ठेवतात." पुढचं वाक्य उच्चारायच्या आत मागून एक म्हातारी उठली. "सा दिवसांत सोडणां कुजतत? कोणाच्या आवशीन कुजयली ती? सा म्हयने लागतत, मेल्या!" अंगणभर हशा. आणि तुमचा चेहरा! लाल पेन्सिल काढून तुम्ही तिच्यासमोर ती ओळ खोडलीत, जणू तिचा सत्कारच चाललाय. त्यानंतर अंगणाचा सूरच बदलला. जो तो बोलायला लागला, "तांय चुकीचा आसा," "ह्या आमच्याकडे नाय, पलीकडच्या वाडीत," आणि तुमच्या खऱ्या सहा चुका निघाल्या. परत येताना होडीत तुम्ही म्हणालात, "माणसं छापलेल्या अक्षराला भितात रे. एकदा त्यांना त्याला हसू द्यावं, मग भीती मोडते."

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तुम्हांला मिरजेला न्यायचं ठरलं. चुनाभट्ट्यांचं पुस्तक जुळून तयार होतं. खाडीपलीकडच्या वाडीतला तो भट्टीवाला, त्याची बायको, त्यांची ती गोल चिऱ्यांची भट्टी, खुबे आणि शिंपल्यांचे ढीग; तुम्ही दोन वर्षं तिकडे जात होतात. जायच्या दिवशी प्रुफं माझ्या हातात देऊन म्हणालात, "तू एकटा जाऊन वाचन कर. चूक निघाली की ती जागा दुरुस्त कर आणि छाप. माझी वाट बघू नकोस." एवढा भरवसा माझ्यावर त्याआधी कोणी टाकला नव्हता. मी दोन दिवस छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी कळलं की ती शेजारची मुलगी मसुऱ्याला मामाकडे गेलीय, आंगणेवाडीच्या जत्रेला. माझ्या डोक्यात हिशेब जुळला: आधी मसुरे, तिच्याशी काय ते बोलून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिकडूनच खाडी ओलांडून वाडीत. प्रुफं काखेत मारली आणि चालत निघालो.

भराडीच्या देवळाबाहेर खाज्याच्या दुकानापाशी ती मला भेटली. भेटली म्हणजे मी सकाळपासून तिथेच उभा होतो. मला बघून म्हणाली, "ह्या काय? देवीच्या दारात पुस्तकां इकूक इलंस?" मी म्हटलं, मला तुझ्याशी थोडं बोलायचं आहे. "मगे असो मास्तरासारखो कित्याक बोलतंस? बोल." बोलायचं तर सगळं पाठ केलं होतं, पण मी काखेतली प्रुफंच सारखी करत राहिलो. तिनं माझ्या काखेतला कागद ओढून घेतला आणि एका हातानं खाजं खात तिथेच उभी राहून वाचायला लागली. तिला वाचायचं वेड होतं, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायची. वाचता वाचता थांबली. "'भट्टीतला भाजलेला चुना फुलवायला त्यावर खाडीचं पाणी शिंपडतात.' ह्या कोणी लिवल्यान?" मी म्हटलं, ते सोड. "सोड काय? खाऱ्या पाण्याचो चुनो भितीक लायलो तर भित दर पावसाळ्यात रडत बसतली. बावयेचा गोडा पाणी लागता. माझ्या आज्याच्या घराचो चुनो त्याच भट्टीतसून इल्लो." मी म्हणालो, "तां मरांदे! मी काय इचारूक इलंय तां आयक." आणि विचारलं. सगळं, एका दमात, गर्दीत, शेजारी एक माणूस नारळ फोडत असताना. ती हसली नाही, एवढे तिचे उपकार. म्हणाली, "माझा नाव मुंबईक नर्सिंगाक लागला हा. पुढल्या म्हयन्यात चल्लंय." मी म्हणालो, "आणि मी? तुझ्यापायी मी कॉलेज सोडलंय." तिनं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. "सोड म्हणान मी सांगलेलंय काय तुका?" आणि मग, जरा नरमाईनं, "तो कागद तेवडो सुधार हां."

मी वाडीत गेलो नाही. मसुऱ्याहून तडक मालवणला आलो, छापखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि चार दिवस ते उघडलं नाही. तिचं ते पाण्याबद्दलचं बोलणं रागाच्या भरात माझ्या डोक्यातून उडून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. एक चूक आहे एवढं माहीत, म्हणून शोधायला बसलो. शोधताना एका वाक्यावर बोट ठेवलं: भट्टीला पहिली आग घरातली बाई देते, पुरुष तेव्हा पाठ करून उभे राहतात, आणि आग देताना ती काहीतरी म्हणते. काय म्हणते, ते तुम्ही पुढे अर्ध्या ओळीत लिहिलं होतं. मी ठरवलं, हीच ती बनवलेली गोष्ट. इतकी माणसं राबत असताना आग बाई कशाला देईल? चिमट्यानं ती ओळ उचलली, खिळे खणात टाकले, मोकळ्या जागेत शिसं भरलं आणि फर्मा मशीनवर चढवला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुस्तकं बांधून वाटलीही. एक प्रत तालुक्याच्या बांधकामाच्या ओव्हरसियरला गेली, कारण तुम्हीच यादीत त्याचं पद लिहून ठेवलं होतंत.

तीन आठवड्यांनी एका दुपारी एक बाई छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं पदरानं तोंड पुसलं. "मास्तर हत?" म्हटलं, मिरजेला आहेत. "मगे तू कोण?" म्हटलं, जुळारी. "म्हणजे अक्षरां लावतलो तूच?" होय म्हणालो. "मगे एक सांग. ता खाडयेचा पाणी तू खंयसून हाडलंस?" ती त्या भट्टीवाल्याची बायको होती. नव्या शाळेच्या बांधकामावर त्यांचा चुना जायचा. दोन होड्या भरून गेलेला चुना ओव्हरसियरनं परत पाठवला होता, पुस्तक उघडून दाखवलं होतं, गावाच्या नावासकट. "आमचो माणूस तेच्यापुढे बावयेचा पाणी घेवन उबो ऱ्हवलो, म्हणालो चाखून बघ. तो म्हणता, छापलेला हा, आता तू सांगान काय होता? तीस वर्सां हेंच्या भितींक आमचोच चुनो, तेवां भिती कधी रडल्यो? आणि आता एक पान वाचल्यान आणि दोन होडये परत!" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तराक सांगा नुको हां. तेचे डोळे बरे होवंदेत. तू लावलंस, तूच काढ."

पुस्तकातली खरी चूक कुठली, हे आता वेगळं सांगायला कोणी नको होतं. मी ओव्हरसियरकडे धावलो. धावलो म्हणजे भांडायला धावलो, दुसरं मला काही येतच नव्हतं. त्याच्या टेबलावरची प्रत ओढून पेनानं ते वाक्य खोडलं. त्यानं प्रत माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "हातानं काय, कोणीही खोडील. लेखकाच्या सहीचं शुद्धिपत्र आणा, मी आजच चुना उतरवून घेतो." वाईट माणूस नव्हता. चार ओळींचा कागद आणि खाली तुमची सही, एवढंच त्याला हवं होतं. खिळे जुळवायला मला अर्धा तास पुरला असता. पण सही घ्यायची तर तुम्हांला सांगावं लागलं असतं की वाचन झालंच नाही, मी जत्रेत होतो. मी राहिलेल्या सगळ्या प्रतींमध्ये पेनानं ते वाक्य खोडत बसलो. एकेक प्रत, एकेक रेघ. त्या वाटलेल्या नव्हत्याच, त्यांत खोडून कोणाचं काय भलं होणार होतं, पण हाताला काम पाहिजे होतं.

तुम्ही आलात, डोळ्यांवर हिरवी झापडं. छापखान्यात न येता आधी घरच्या ओटीवर बसलात आणि मला बोलावलंत. "चुनाभट्टीचं वाच." मी न खोडलेली प्रत घेऊन गेलो होतो. का, कुणास ठाऊक. वाचत गेलो. त्या जागेवर आलो आणि कागदावर 'खाडीचं पाणी' असं छापलेलं असताना मी वाचलं, "विहिरीचं गोडं पाणी शिंपडतात." तुम्ही म्हणालात, "परत वाच." मी परत तेच वाचलं. "बरं." पुढे आग पेटवण्याचा भाग आला. तिथे बाई नव्हती, बाईला मी काढून टाकलं होतं. तुम्ही मान जराशी वळवलीत, कान माझ्याकडे केलात, जसं एखादं माणूस दारातून आत येईल म्हणून आपण बघतो. मी पुढचा परिच्छेद वाचला. तुम्ही काही विचारलं नाहीत. पुस्तक संपल्यावर म्हणालात, "जा, आत चहा टाकायला सांग." मास्तर, ह्या एका गोष्टीचं मला इतकी वर्षं कोडं आहे. गोडं पाणी ऐकून तुम्हांला वाटलं असणार की चूक निघाली. पण मग त्या बाईचं काय? तुम्ही समजलात का, की वाचनात गावानंच ते खोडायला लावलं? की तुम्हांला माझा आवाज ऐकूनच सगळं कळलं, आणि मी आपणहून सांगतो का याची तुम्ही वाट बघत होतात? आत जाताना मी एकदा मागे वळून बघितलं. तुम्ही हाताच्या बोटांनी पुस्तकाचं पान चाचपत होतात. छापलेलं अक्षर बोटाला लागतं का हो?

पाऊस लागला. चुना पावसाळी हवेत राहिला की गोळे होतो, कामातून जातो. त्यांचा गेला. पुढल्या वर्षी भट्टी पेटली नाही, आणि त्याच वर्षी तुम्हीही गेलात. सिमेंट आलं होतं, भट्टी तशीही फार दिवस चालली नसती, असं मला पुष्कळांनी सांगितलंय. त्यांतल्या एकालाही मी काय केलं ते माहीत नाही.

आता दुसरी आवृत्ती. प्राध्यापकांचं पत्र आलं तेव्हा ठरवलं, आधी ते राहिलेलं वाचन. गेल्या महिन्यात खाडी ओलांडून गेलो. भट्टीवाला वारलाय. भट्टीच्या चिऱ्यांवर भोपळ्याचा वेल चढलाय. त्याची बायको आहे, बरीच वाकलीय, पण जीभ सरळ आहे. "इलस? मास्तराचो जुळारी मां तू? जाडो झालंस." तिचा नातू आहे, तो खाडीतल्या तरीच्या होडीवर काम करतो, आणि शेजारपाजारची दहाबारा माणसं जमली. मी वाचायला सुरुवात केली. तुमची पद्धत म्हणून खाडीचं पाणी तसंच ठेवलं होतं, आणि मनात म्हणत होतो, आता ओरडतील, आता हसतील. "त्यावर खाडीचं पाणी शिंपडतात," मी वाचलं आणि थांबलो. नातू म्हणाला, "बरोबर. खाडी हयसरच तर आसा." बाकीच्यांनी माना डोलवल्या. कोणालाच माहीत नव्हतं, मास्तर. दहा वर्षांत पाणी बदललं. मी म्हातारीकडे बघितलं, तिनं पुढे वाच अशी हातानं खूण केली.

शेवटपर्यंत वाचलं. तिनं विचारलं, "झाला?" म्हटलं, झालं. "मगे मी खंय?" मला कळलं नाही. म्हटलं, पाण्याची चूक आहे, ती मी आता सुधारतो. तिनं हात झटकला. "पाण्याचा माका म्हायत आसा. तेवां सांगान सांगान तोंड दुखला. मी आगीचा इचारतंय. तुझो मास्तर हयसर, ह्याच जागेर बसलेलो. पयली आग कोण देता, कित्याक देता, देताना काय म्हणता, सगळा इचारल्यान. घोव, पोरां-बाळां इचारनत नाय तां तेना माका इचारल्यान. लिवन घेतल्यान, परत वाचून दाखयल्यान. माका वाटला, बरा झाला, माझा कायतरी कागदार ऱ्हवतला. पुस्तक इला तेवां एका वाचतल्याक घरात बसयलव. पाण्याचा आयकान आमचो माणूस तापलो. आणि मी वाट बघीत होतंय, आता आग येतली, आता येतली. ती इलीच नाय." मग म्हणाली, "माका वाटला, मास्तराक माझा खोटा वाटला असतला."

मी म्हटलं, मास्तरांनी नाही काढलं, मी काढलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "कित्याक रे?" म्हटलं, चूक समजून. तिनं मान हलवली, पटल्यासारखी की न पटल्यासारखी, मला सांगता येत नाही. मी कागद काढला आणि म्हटलं, आता सांगा, मी लिहून घेतो, आग देताना काय म्हणायचात? ती भट्टीवरच्या वेलाकडे बघायला लागली. नातू म्हणाला, "आजये, सांग मां." ती म्हणाली, "आगीपुढे ऱ्हवलंय की तोंडात येय. आता आग नाय, तर येणा नाय."

हेच ते दुसरं, जे तुम्हांला विचारायचं होतं. आल्यापासून तुमच्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या. मिठाची वही आहे, काथ्याची आहे, भट्टीची वही सापडत नाही. प्रुफाचा कागद मी तेव्हाच चुलीत घातला होता. ते वाक्य मी स्वतः जुळवलं होतं, माझ्या बोटांमधून गेलं होतं, आणि मला त्यातलं 'पाठ करून उभे राहतात' इथपर्यंतच आठवतं. पुढची अर्धी ओळ काय होती, मास्तर? ती अग्नीला काही मागत होती की शिंपल्यांतल्या जिवांची क्षमा मागत होती? की नुसतंच, 'पेट गो बाय' असं काही? नव्या आवृत्तीत पाणी विहिरीचं होईल, बाई परत येईल, मागे माझ्या सहीचं शुद्धिपत्रही असेल, गेल्या आवृत्तीत काय आणि कोणामुळे झालं ते सांगणारं. पण ती अर्धी ओळ कोरीच राहणार. तिथे ठिपके देऊ की जागा मोकळी सोडू, हेही ठरत नाही.

आणि आता एक. चूक समजून काढलं, असं मी म्हातारीला सांगितलं. ते तसं नाही. जत्रेत त्या मुलीनं सांगितलेलं पाण्याचं मी विसरलो नव्हतो, एक अक्षरही विसरलो नव्हतो. चूक कुठली हे छापखान्याचं दार लावताना मला ठाऊक होतं. पण ज्या तोंडानं मला नाही म्हटलं, त्याच तोंडानं काढलेली चूक सुधारायला माझा हात उचलेना. तिचं खरं ठरू नये म्हणून पाणी ठेवलं. आणि काहीतरी खोडल्याशिवाय राग जाईना, म्हणून त्या दिवशी समोरच्या पानात जी बाई सापडली तिला खोडलं. शुद्धिपत्राच्या मसुद्यात मी हे लिहिलेलं नाही. तुम्हांला लिहिलं, कारण तुम्हांला लिहिणं सोपं. हा कागद खरं तर खाडीपलीकडे जाऊन मोठ्यानं वाचायला हवा, आणि ते धाडस माझं अजून झालेलं नाही.